चिखलातली तोंडी परीक्षा

विद्यापीठातल्या जपानीच्या वर्गात मी कधी बोलत नसे. लिहीत असे, आणि बरे लिहीत असे. परंतु सेन्सेईंनी माझ्याकडे पाहून एखादा साधा प्रश्न विचारला की मी उत्तर मनात रचू लागे. क्रियापदाचे रूप पुरेसे आदरार्थी आहे ना, प्रत्यय बिनचूक आहे ना, हे तपासून होईपर्यंत प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असे. सेन्सेई म्हणजे आमचे गुरुजी. पांढऱ्या केसांचे, अतिशय सौम्य जपानी गृहस्थ. ते माझी वाट पाहत, मग किंचित मान लववून पुढे जात. त्या मान लववण्याने मला अधिकच ओशाळल्यासारखे होई.

वयानेही मी त्या वर्गात शोभत नव्हते. संस्कृतात एम. ए. करून मी चांद्याच्या मुलींच्या शाळेत शिकवीत होते. पाली वाचता वाचता बौद्ध ग्रंथांवरील जपानी टीकांविषयी कुतूहल वाटू लागले आणि तिशी उलटल्यावर, शाळेकडून तीन वर्षांची रजा मागून, मी बंगालकडच्या त्या विद्यापीठात जाऊन बसले. दोन वर्षे संपली. तिसरे वर्ष प्रगत जपानीचे होते. अभिजात गद्य, जुन्या टीका, ज्यांच्यासाठी मी आले होते ते सारे त्या एका वर्षात होते. मात्र प्रगत वर्गात प्रवेश तोंडी परीक्षा दिल्यावाचून मिळत नसे. नापास होणाऱ्याने मधल्या वर्गात आणखी एक वर्ष काढायचे. माझी रजा एकाच वर्षाची उरली होती. याचा अर्थ मला आणि सेन्सेईंना, दोघांनाही ठाऊक होता.

उन्हाळ्याच्या सुटीआधी त्यांनी मला बोलावले.

"तुमचे गाव भाताच्या प्रदेशात आहे ना?" त्यांनी विचारले.

मी मान हलवली. त्या प्रसंगीसुद्धा मानच हलवली.

ते म्हणाले की त्यांच्या ओळखीचे एक भाततज्ज्ञ हिंदुस्थानात आले आहेत. ते दिवस जपानी पद्धतीच्या भातशेतीचे होते. सरकारी भिंतींवर, शाळांच्या फळ्यांवर, बाजारातल्या ध्वनिवर्धकावर तिचाच गाजावाजा चाले. हे गृहस्थ रोवण्याच्या हंगामात आमच्या जिल्ह्यात येणार होते. इंग्रजी त्यांना जेमतेम येई. त्यांना दुभाषी हवा होता.

"तुमची तोंडी परीक्षा मी घेणार नाही," सेन्सेई म्हणाले. "ते घेतील. परत आल्यावर ते मला जे सांगतील, तोच तुमचा निकाल."

मला नाही म्हणायचे होते. नकाराचे अत्यंत विनयशील रूप मी मनात जुळवीत होते, तोवर ते उठून उभे राहिले होते.

मूलच्या रस्त्यावरून आत, सागाच्या जंगलाला लागून आमचे गाव आहे. माझ्या थोरल्या भावाने आपली एक बांधी प्रयोगासाठी देऊ केली होती. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेले भाताचे शेत. पाहुणे येणार म्हणून वहिनीने ओसरी सारवून ठेवली, आणि मी आदल्या दिवशी स्वागताचे एक वाक्य तयार केले. त्यात आदराचे जेवढे प्रकार मला येत होते ते सगळे होते.

जीप आली. ठेंगणे, उन्हाने रापलेले, गुडघ्यापर्यंत विजार दुमडलेले एक गृहस्थ उतरले. मी वाकून माझे वाक्य म्हटले. ते संपेपर्यंत ते ऐकत राहिले आणि मग त्यांनी मागे वळून पाहिले. एवढ्या मानाने मी कोणाशी बोलते आहे, तेच ते पाहत होते. मागे फक्त शेतकी खात्याचे साहेब छत्री उघडत होते.

मग पाहुणे बोलले. मला एक अक्षरही कळले नाही.

ते भराभर बोलत नव्हते. अडचण अशी होती की ते माझे जपानी बोलत नव्हते. 'शि' आणि 'सु' यांच्यात त्यांच्या तोंडी फरकच नव्हता. 'इ' आणि 'ए' एकमेकांत मिसळले होते. 'होय'साठी मी शिकलेला एकही शब्द ते वापरीत नसत. त्यांचे होय म्हणजे नाकातून निघालेले एक जाडजूड 'न्दा'. ते उत्तर जपानातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव होते आणि घरी बोलत तसेच इथेही बोलत होते. दोन वर्षांची माझी पोथी त्या 'न्दा'पुढे जागच्या जागी मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बांधीत उतरले. गावातल्या रोवणाऱ्या बाया लुगडी खोचून चिखलात उभ्या होत्या. आमच्याकडे भात लावण्याला 'रोवणं' म्हणतात आणि रोपांना 'पऱ्हे'. रोवणाऱ्यांत एक म्हातारी होती, सगळ्या गावाची आत्याबाई. तिच्या पाठोपाठ बाकीच्या रोवायच्या. नव्या पद्धतीत दोन धुऱ्यांवरून दोरी ताणायची, दोरीवरल्या खुणांपाशी दोन-तीनच पऱ्हे लावायचे, मग दोरी मागे सरकवायची, एवढीच गोष्ट होती. ती सांगायला मी उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

पाहुण्यांना माझी अवस्था कळली असावी. तेही अडखळत होते. जपानी माणूस अडखळला की "आनो…" म्हणतो. त्याला अर्थ नाही. आपण 'म्हणजे' किंवा 'ते हे' म्हणतो तसेच. ते म्हणाले, "आनो…" आणि विचार करू लागले.

आत्याबाईने पऱ्ह्यांची एक जुडी उचलून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी मान लववून ती घेतली. "आनो…" ते पुन्हा म्हणाले.

दुसऱ्या बाईने आणखी एक जुडी दिली.

आमच्या बोलीत 'आणा'चे 'आना' होते. परक्या माणसाला 'आना' नीट म्हणता येत नाही, बिचारा 'आनो' म्हणतो, अशी बायांनी समजूत करून घेतली होती. मला ते पहिल्याच जुडीला कळले. पण सांगायचे कसे? मी वाक्य रचू लागले. ते रचून होईना. इकडे पाहुण्यांचे 'आनो' वाढत चालले, तशा जुड्याही. काखेत, कोपरात, छातीशी धरून ते उभे राहिले; हिरवे शेंडे हनुवटीला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता, परंतु प्रत्येक जुडीला मान लववण्यात खंड नव्हता.

शेवटी आत्याबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"अवो मास्तरीणबाई! हा मानूस किती पऱ्हे मागते बाप्पा? येकटाच रोवणार हाये का सारी बांधी? मंग आमाले काऊन बलावलं?"

मला हसू आले. आवरेना. मी चिखलात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि हसता हसताच पाहुण्यांना सांगून टाकले, की तुम्ही आनो म्हणता आणि त्यांना वाटते तुम्ही आणा म्हणता. या म्हणतात, एकटेच लावणार का? वाक्य रचले नव्हते. आदरार्थी रूप नव्हते. एक प्रत्यय तर चुकलाच.

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिले, जुड्यांकडे पाहिले, आणि ते धुऱ्यावर मटकन बसून इतके हसले की जुड्या चहूकडे पडल्या. बायाही हसू लागल्या. वहिनी धुऱ्याच्या पलीकडून ओरडली, "बाई, काय सांगतलं तुमी त्यायले? आमालेबी सांगा ना!"

मी बायांना सांगू लागले, पण चांगल्या, धुतल्या मराठीत. नागपूरला कॉलेजात असताना माझ्या 'मले' आणि 'तुले'वर मुली हसत, म्हणून ती बोली मी अंगावरून खरवडून काढली होती. घरीसुद्धा मी पुस्तकातल्यासारखीच बोले. मी म्हटले, "ते म्हणत आहेत की आपण रोपे फार दाट लावीत आहात…"

"येक कामाचा शब्द सांगा वो बाई," आत्याबाई म्हणाली. "कीर्तन करून राह्यल्या का तुमी?"

त्याच क्षणी पाहुणे शेजारच्या बांधीकडे बोट दाखवून विचारीत होते, तिथेही लावणी चालली आहे का. त्यांच्या वाक्यात 'उएते इरु' होते. 'उएते' म्हणजे लावून, रोवून. 'इरु' म्हणजे असणे, राहणे. पुस्तकात याचे भाषांतर मी नेहमी 'लावीत आहेत' असे करीत आले होते. त्या दिवशी ते वाक्य कानातून शिरले आणि भाषांतर होण्याची वाट न पाहता तोंडातून बाहेर पडले:

"तिकडच्या बांधीत रोवून राह्यले का, म्हंतेत."

"हव, रोवून राह्यले ना," आत्याबाई सहज म्हणाली, आणि मी तितक्याच सहज ते जपानीत परत केले.

रोवून राहणे, उएते इरु. तुकड्याला तुकडा तंतोतंत बसला होता. जी बोली मी लाजून टाकून दिली होती, तिचे व्याकरण या परक्या भाषेला माझ्या शुद्ध मराठीपेक्षा जवळचे निघाले. मग तर मला वेडच लागले. रोवून पाहणे, उएते मिरु. रोवून ठेवणे, उएते ओकु. रोवून टाकणे, उएते शिमाउ. वर्गात ही रूपे मी तक्ते करून पाठ केली होती. इथे ती चिखलातून बेडकांसारखी उड्या मारीत येत होती आणि मी एकेक पकडून इकडची तिकडे देत होते. पाहुण्यांची बोलीही हळूहळू उलगडली. 'न्दा' म्हणजे आमचे 'हव', एवढे एकदा मनाने घेतले, मग बाकीचे फार अवघड राहिले नाही. ते जपानीच बोलत, पण यापुढे त्यांचे बोलणे माझ्या कानांना ज्या बोलीत ऐकू आले त्याच बोलीत लिहिते. दुसऱ्या कोणत्या रूपात ते मला आठवतच नाही.

"तुमी कोनत्या गावचं जपानी शिकल्या?" दुपारी धुऱ्यावर बसून भात आणि अंबाडीची भाजी खाताना त्यांनी विचारले. "पहिल्या दिवशी मले वाटलं, राजवाड्यातून कोनी आलं."

"पुस्तकातलं हाये," मी म्हटले.

"बरं हाये. पन पुस्तकात चिखल नाई रायत."

दिवस फार आनंदात गेले. पावसाची झड आली की सगळे सागाच्या झाडांखाली धावत आणि तिथे प्रश्नोत्तरे चालत. बायांना जपानातले सगळे हवे असे. तिकडे सासू असते का, वाघ असते का, भात कोणत्या भाजीसंगं खातेत. सासू आहे आणि वाघ नाही, हे ऐकून वहिनी म्हणाली, "मंग आमच्यापेक्षा जास्तच तरास हाये." हे मी पाहुण्यांना सांगितले तेव्हा त्यांना ठसका लागला. माझा भाऊ मितभाषी. पण मी बोलू लागले की तो हातातले काम थांबवून ऐके.

दोरीचे मात्र काही जुळेना. बाया खुणांवर नीट रोवीत, पण गप्प झाल्या होत्या. दुपारपर्यंत कंटाळत. आणि मग तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी जेवून येते तो काय, दोरी सरळ नव्हती. दोन्ही टोके पुढे घेऊन मधला भाग मागे सैल सोडलेला, असा अर्धचंद्र झाला होता, आणि बाया त्या वाकणावर उभ्या राहून रोवीत होत्या. त्यांच्या गप्पांचा आवाज पार रस्त्यापर्यंत येत होता. पाहुणे त्या दिवसापासून साहेबांबरोबर इतर गावांची शेते पाहायला गेले होते आणि शेवटच्या दिवशीच परतणार होते. मी दोरी तशीच राहू दिली. सरळ ओळींमधून तण काढायचे कोळपे फिरवता येते आणि तोच त्या पद्धतीचा प्राण आहे, एवढे मलाही माहीत होते.

शेवटच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतले शेतकरी बांधी पाहायला आले. साहेब पुढे, पाहुणे मागे. हिरव्या ओळी पाण्यात उभ्या होत्या, अर्ध्या सरळ आणि पुढे एकीमागून एक वाकत गेलेल्या. साहेबांचा चेहरा उतरला. ते माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, हे सगळ्या लोकांदेखत बरं दिसत नाही. त्यांनी विचारलं तर पावसानं दोरी सैल पडली, एवढंच सांगा."

पाहुण्यांनी विचारलेच. "हे वाकडं काऊन?"

माझ्याकडे सगळे पाहत होते. एवढी माणसे एकदम माझ्याकडे पाहत असण्याची मला सवय नव्हती. पावसानं दोरी सैल पडली, हे वाक्य सोपे होते. जपानीत ते माझ्या ओठांवर तयारच होते. मी आत्याबाईकडे पाहिले.

"आत्याबाई, दोरी वाकडी काऊन केली, इचारून राह्यले."

आत्याबाईने पदर सावरला. तिला जरासुद्धा संकोच नव्हता. "सांगा त्यायले. सरळ दोरीवर साऱ्याईचे तोंड येकाच बाजूले रायते. बोलाव तं कोनासंगं? पऱ्ह्यासंगं? वाकडी केली का या टोकाची त्या टोकाच्या बाईले दिसते. दिसली का गोष्ट निघते, गोष्ट निघाली का हात चालते. दोन खुनेतलं अंतर तेवढंच हाये म्हना, मोजून पाहा."

साहेबांनी घसा खाकरला. मी त्यांच्याकडे न पाहता सगळे सांगितले. तोंड, टोक, गोष्ट, हात, अंतर, काहीच गाळले नाही. 'पऱ्ह्यासंगं' हेसुद्धा ठेवले.

पाहुण्यांनी विजार आणखी वर दुमडली. मग चिखलात उतरून त्यांनी दोन वाकड्या ओळींमध्ये आपली वीत ठेवली. आणखी पुढे जाऊन पुन्हा ठेवली. लोक धुऱ्यावरून वाकून पाहत होते. वर येऊन ते हसले.

"माही माय रोवाले जाये तवा," ते म्हणाले आणि मी त्यांच्यामागून बोलत गेले, "गावच्या साऱ्या पोरी लाल पट्टे बांधून बांधीत उतरत. मोठ्यानं गानी म्हनत. मी धुऱ्यावर बसून ऐको. मंग मी शिकलो, दोरी घेऊन गावोगाव फिरलो. बाया चूप काऊन होतेत, हे मी कोनाले कदी इचारलंच नाई." ते आत्याबाईसमोर वाकले. "कोळपं वाकड्या ओळीतूनबी चालते. काई बिघडत नाई."

आत्याबाईला काय करावे सुचेना. तिनेही वाकून दाखवले आणि तोल जाऊन वहिनीच्या अंगावर पडली. साहेब सर्वांत आधी हसले. मग ते जमलेल्या लोकांना सांगू लागले की दोरी गरजेप्रमाणे वळवताही येते, जणू तो त्यांचाच बेत होता. मला त्यांचे वाईट वाटले नाही. मी इतकी खूश होते की मला कोणाचेच वाईट वाटणे शक्य नव्हते.

निघताना जीपपाशी पाहुणे मला म्हणाले, "सेन्सेईले काय सांगू? व्याकरनाचं मले नाई समजत. पन आज म्हातारी माह्यासंगं बोलली न मी म्हातारीसंगं बोललो. मधात कोनी होतं, हे आमाले दोघायलेबी नाई आठवलं." मग जरा थांबून, "आनो…"

जवळच्या एका बाईने त्यांच्या हातात काकडी ठेवली.

विद्यापीठात परतले त्या सकाळी सेन्सेई आपल्या खोलीत चहा करीत होते. निकाल काय, हे विचारण्याचे धैर्य मला अजूनही नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितले.

"तिकडे पाऊस फार होता का?"

"न्दा," मी म्हणाले.

त्यांचा कप अर्ध्यावरच थांबला. मी तोंडावर हात नेला, पण शब्द गेलाच होता. सेन्सेईंनी कप खाली ठेवला, रुमाल काढून तोंडाशी धरला, आणि त्यांचे खांदे हलू लागले. दोन वर्षांत मी त्यांना कधी हसताना पाहिले नव्हते.

"माझ्या मित्राने मला इशारा दिला होता," ते डोळे पुसत म्हणाले. "आता वर्षभर तुमच्या तोंडातला चिखल धुवावा लागणार. सगळा मात्र धुऊ नका. प्रगत वर्ग सोमवारी आहे."

मी आभार मानून उठायला हवे होते. सेन्सेई दाराकडे वळलेही होते, त्यांचा तास होता. मी म्हटले, "पण सेन्सेई, बायांनी दोरी कशी वाकवली, ते तुम्हाला त्यांनी सांगितलं का?"

"नाही," ते म्हणाले.

मी सांगू लागले. ते परत येऊन खुर्चीवर बसले.